सांगलीच्या गच्चीवरून रॉकेट दिसेल का?

इस्रोच्या उड्डाणाची तारीख जाहीर झाली की आपल्याकडे मोबाइलवर एक निरोप हमखास फिरतो: आज अमुक वाजता पूर्वेकडे बघा, रॉकेट जाताना दिसेल. मग कुणी गच्चीवर चढतं, साताऱ्यातलं कुणी पोरांना घेऊन अजिंक्यताऱ्यावर जातं, मिरजेकडचं कुणी दंडोबाच्या डोंगरावर. वेळ होते, टीव्हीवर टाळ्या वाजतात आणि आकाशात काहीच दिसत नाही. ढग आडवे आले असतील, असं म्हणून माणसं खाली उतरतात.

ढग नसले तरी दिसलं नसतं. त्यामागचं कारण भूमितीचं आहे, आणि शाळेतल्या गणितावर ते समजतं. मी श्रीहरिकोट्याला जाऊन उड्डाण पाहिलेलं आहे. आपल्या भागातल्या जास्तीत जास्त लोकांनी, विशेषतः शाळेतल्या मुलांनी, एकदा तरी ते पाहावं असं मला मनापासून वाटतं. म्हणून कुठून काय दिसतं आणि का, ते इथे नीट मांडतो.

आधी अंतर मोजू

श्रीहरिकोटा हे आंध्र प्रदेशातल्या तिरुपती जिल्ह्यात, पुलिकत सरोवर आणि बंगालचा उपसागर यांच्या मधलं बेट. १९७१ पासून तिथून रॉकेटं उडतात. सतीश धवन अवकाश केंद्र ते हेच. सांगलीपासून ते सरळ रेषेत सुमारे ७०० किलोमीटर आहे, साताऱ्यापासून सुमारे ८००. दिशाही पूर्व नाही, आग्नेय आहे.

पृथ्वी गोल असल्यामुळे दूरची वस्तू क्षितिजाखाली जाते. किती खाली, याचा ढोबळ हिशेब सोपा आहे: अंतराचा वर्ग करायचा आणि त्याला पृथ्वीच्या व्यासाने, म्हणजे १२,७४२ किलोमीटरने भागायचं. ७०० गुणिले ७०० म्हणजे ४,९०,०००. भागाकार येतो ३८. म्हणजे श्रीहरिकोट्यावरून उडालेलं रॉकेट ३८ किलोमीटर उंच जाईपर्यंत सांगलीच्या क्षितिजाखालीच असतं. साताऱ्यासाठी हीच उंची ५० किलोमीटर येते. प्रवासी विमानं १०-१२ किलोमीटरवरून जातात, यावरून अंदाज यावा. अजिंक्यताऱ्यावर चढल्याने यात थोडाफार फरक पडतो, पण तो इतका नाही की तळावरची आग दिसावी.

आता चेन्नईचा हिशेब करा. श्रीहरिकोट्यापासून अंतर साधारण ८० किलोमीटर. वर्ग ६,४००, भागाकार अर्धा किलोमीटर. रॉकेटने तळ सोडल्यावर काही सेकंदांतच ते चेन्नईच्या क्षितिजावर येतं. म्हणून तिथले लोक गच्चीवरून आणि समुद्रकिनाऱ्यावरून उड्डाण खरोखर पाहतात. त्यांचे व्हिडिओ आपल्याकडे येतात आणि आपल्यालाही वाटतं, आपणही बघू.

मग ३८ किलोमीटरच्या वर गेल्यावर तरी दिसेल ना?

हा प्रश्न रास्त आहे आणि कागदावर त्याचं उत्तर "हो" असं येतं. चांद्रयान-३ नेणारं एलव्हीएम३ हे आपलं सर्वांत जड रॉकेट. त्याचे दोन मोठे घन इंधनाचे बूस्टर (सुरुवातीला जोर देणारी, बाजूला जोडलेली नळकांडी) दोन मिनिटांच्या आसपास, साधारण ६० किलोमीटर उंचीवर गळून पडतात. सव्वातीन मिनिटांच्या सुमारास ते ११५ किलोमीटरवर असतं. पण तोवर ते समुद्रावर पूर्वेकडे सरकून आपल्यापासून आणखी लांब गेलेलं असतं. सगळं धरून हिशेब केला तर सांगलीच्या क्षितिजापासून ते वर येतं दोन-तीन अंश. हात पूर्ण लांब करून करंगळी आडवी धरली तर तिची जाडी साधारण एक अंश भरते. म्हणजे दोन-तीन करंगळ्यांएवढी उंची, तीही मोजकी मिनिटं.

तेवढ्या पट्ट्यात आपल्याकडे काय असतं? घरं, झाडं, डोंगराची धार, कृष्णाकाठची धूळ आणि धुकं. त्यात डोळ्यात भरणारी सोनेरी ज्वाळा असते घन इंधनाची, आणि ते बूस्टर तोवर सुटलेले असतात. मागे राहिलेल्या द्रव इंधनाच्या इंजिनांची ज्वाळा जवळजवळ पारदर्शक. दिवसा तर विषयच संपला.

पहाटेचं उड्डाण असेल तर? जमिनीवर अंधार आणि वर उंचावर ऊन, अशा वेळी रॉकेटमागचे वायू उन्हात उजळून निघतात आणि फार लांबून दिसतात, हे खरं आहे. श्रीहरिकोट्यावरून झालेलं शंभरावं उड्डाण, २९ जानेवारी २०२५ चं, सकाळी ६ वाजून २३ मिनिटांचं होतं. सांगलीत तेव्हा अजून उजाडायचं होतं. पण हिवाळ्यात आपल्याकडे सूर्यही त्याच आग्नेयेच्या बाजूने उगवतो आणि तांबडं नेमकं तिथेच फुटलेलं असतं. त्यामुळे सांगली-साताऱ्यातून आशा धरू नये.

आपल्या आकाशात मग लोकांनी पाहिलं ते काय?

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भ आणि खानदेशात हजारो लोकांनी आकाशात पेटते गोळे रांगेने जाताना पाहिले. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचं मोठं कडं पडलेलं सापडलं. ते रॉकेट उडताना दिसलेलं नव्हतं, परत येताना दिसलेलं होतं. आधी सोडलेल्या चिनी लाँग मार्च रॉकेटचा रिकामा टप्पा कक्षेत फिरत राहिला होता, तो वातावरणात शिरून जळाला, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. (टप्पा म्हणजे रॉकेटचा एक भाग. इंधन संपलं की तो टाकून दिला जातो.) अशी वस्तू तुकडे होत, शेपट्या सोडत, आडवी आणि संथ जाते, उल्का सेकंदभरात विझते, ही मिनिटभर दिसू शकते.

दिव्यांची सरळ माळ शिस्तीत सरकताना दिसली, तर ते बहुधा नुकतेच सोडलेले स्टारलिंकचे उपग्रह असतात. एकच ठळक ठिपका न लुकलुकता पाच-सहा मिनिटांत आकाश ओलांडून गेला, तर बहुतेक वेळा ते आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक. गच्चीवरून बघण्यासारखं हे खूप आहे, आणि ते पाहायला प्रवासही करावा लागत नाही.

रॉकेट सरळ वर जायचं सोडून आडवं का होतं?

उड्डाण पाहणाऱ्या नवख्या माणसाच्या पोटात गोळा येतो तो इथे. वर जाणारं रॉकेट झुकू लागतं, मग चक्क खाली चाललंय असं वाटतं. काही बिघडलेलं नसतं.

अवकाशाची मानलेली सीमा १०० किलोमीटरवर आहे, म्हणजे सातारा ते पुणे एवढंच अंतर. नुसतं तेवढं वर जाऊन थांबलं तर रॉकेट दगडासारखं परत खाली येईल. उपग्रहाला वर टिकवते ती त्याची आडवी गती. समजा, अजिंक्यताऱ्याच्या तटावरून तुम्ही दगड आडवा भिरकावला. तो खाली शहराच्या बाजूला पडेल. जास्त जोराने फेकला तर कृष्णेपलीकडे. हवेचा अडथळा नाही असं धरून जोर वाढवत गेलात, तर एक वेळ अशी येईल की दगड जेवढा खाली येतो, तेवढीच त्याच्याखालची गोल जमीनही वळून खाली गेलेली असते. तो पडतच राहतो, पण जमिनीला टेकत नाही. यालाच कक्षा म्हणतात. त्यासाठी लागणारा वेग आहे सेकंदाला साडेसात-आठ किलोमीटर, म्हणजे सांगलीहून मिरजेला एक-दीड सेकंदात.

रॉकेटची बहुतेक ताकद हा आडवा वेग मिळवण्यात खर्च होते. सुरुवातीला ते सरळ वर जातं, कारण खालची दाट हवा लवकर मागे टाकायची असते. मग ते झुकतं आणि समुद्रावर लांब जाऊ लागतं. लांब जाणारी वस्तू क्षितिजाकडे उतरताना दिसते, म्हणून ते पडतंय असा भास होतो. प्रत्यक्षात ते चढतच असतं.

कोकणातून का नाही सोडत?

रत्नागिरीला समुद्र आहे, मग एवढ्या लांब कशाला, असं मला बरेचदा विचारतात. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. श्रीहरिकोट्याच्या अक्षांशावर जमीनच सेकंदाला सुमारे ४५० मीटर वेगाने पूर्वेकडे सरकते आहे. पूर्वेकडे सोडलेल्या रॉकेटला तेवढा वेग फुकट मिळतो. तो घ्यायचा तर पूर्वेला मोकळा समुद्र हवा. रत्नागिरीहून पूर्वेकडे सोडलं तर खाली कोण येतं? सह्याद्री, मग आपण. एलव्हीएम३ चा एकेक बूस्टर २५ मीटर लांब असतो आणि रिकामा झाला तरी त्याचं वजन ३० टनांच्या आसपास भरतं. तो सांगली-सोलापूरच्या पट्ट्यात कुठेतरी, आपल्याच शिवारात येऊन पडला असता. चीनमध्ये देशाच्या आतल्या भागात असलेल्या तळांखालच्या गावांनी असे तुकडे पडताना पाहिलेले आहेत. आपले बूस्टर बंगालच्या उपसागरात पडतात. उड्डाणाआधी त्या भागातल्या जहाजांना आणि मच्छीमारांना तसा इशारा दिला जातो.

दक्षिणेकडे जाणाऱ्या रॉकेटांची अडचण वेगळी. वाटेत श्रीलंका येते, म्हणून पीएसएलव्ही या इस्रोच्या रॉकेटला आधी आग्नेयेकडे जाऊन मग वळण घ्यावं लागतं आणि त्यात इंधन जातं. तामिळनाडूत कुलशेखरपट्टिणमला नवा तळ उभारण्याचं हेच कारण. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याची पायाभरणी झाली. तिथून लहान रॉकेट थेट दक्षिणेला सोडता येईल.

जवळून पाहिलं तर: आधी फक्त उजेड

काही किलोमीटरवर उभं राहिल्यावर पहिला धक्का बसतो तो शांततेचा. लाउडस्पीकरवर उलटी गिनती संपते, झाडांच्या शेंड्यांवर नारिंगी उजेड पडतो, धुराचे पांढरेशुभ्र लोट फुटतात, रॉकेट उचललं जातं आणि कानावर काहीही येत नाही. माणसांचं ओरडणं तेवढं ऐकू येतं.

प्रकाशाला तुमच्यापर्यंत यायला काहीच वेळ लागत नाही. आवाज सेकंदाला ३४०-३५० मीटरने येतो, म्हणजे किलोमीटरला साधारण तीन सेकंद. वीज चमकल्यावर गडगडाटापर्यंत आपण आकडे मोजतो, तोच हिशेब. सात किलोमीटरवर उभे असाल तर वीस सेकंद. तेवढ्यात पीएसएलव्हीसारखं ३२० टनांचं धूड दीड-दोन किलोमीटर वर गेलेलं असतं, तेही मुक्यानेच.

मग आवाज येतो. तो आधी पायांना कळतो, छातीला कळतो, मग कानांना. रॉकेटच्या आवाजात खर्जाचा भाग फार मोठा असतो. मोठ्या झोताचा आवाज खालच्या पट्टीतला असतो, आणि हवेतून लांब जाताना तीव्र स्वर वाटेतच विरतात, खर्ज मात्र पोहोचतो. खिडक्यांच्या काचा थरथरतात त्या यामुळेच. त्या गुरगुरण्यावर एक कोरडी तडतडही ऐकू येते, जाड कापड टराटरा फाडल्यासारखी. पुष्कळांना ती इंजिनातला बिघाड वाटते. ती हवेत तयार होते. आवाज एवढा प्रचंड असतो की त्याच्या लाटांमधला दाबाचा भाग पुढे धावतो, लाटेची कड उभी आणि धारदार होते, आणि अशा धारदार लाटा एकामागून एक कानावर आदळतात.

आणखी एक गोष्ट मला आधी कुणी सांगितली नव्हती. आवाज सर्वांत मोठा होतो तो उड्डाणाच्या क्षणाचा नव्हे, थोड्या नंतरचा. रॉकेटचा आवाज सगळ्या बाजूंना सारखा पसरत नाही. झोताच्या दिशेपासून तिरकस बाजूला तो जास्त जातो. रॉकेट वर जाऊन झुकलं की तो तिरकस पट्टा जमिनीवरच्या माणसांवरून फिरतो. आणि रॉकेट दिसेनासं झाल्यावरही आवाज येत राहतो, कारण तो वाटेत असतो. तुम्ही रिकाम्या आकाशाकडे बघत, काही सेकंदांपूर्वीचं रॉकेट ऐकत असता.

ज्वाळा, धूर आणि वाकडी रेघ

उजेडाबद्दल सांगायचं तर तो कॅमेऱ्यात कधीच बरोबर येत नाही. मोबाइलवर फक्त पांढरा ठिपका उमटतो. डोळ्यांना दिसतो तो दाट सोनेरी रंग, आणि दिवसासुद्धा त्याकडे बघताना डोळे बारीक होतात. याचं कारण घन इंधनात आहे. अमोनियम परक्लोरेट, रबरासारखा एक पदार्थ आणि ॲल्युमिनियमची भुकटी यांचं ते मिश्रण असतं. ॲल्युमिनियम जळताना त्याचे सूक्ष्म कण पांढरेफटक तापून चमकतात, आणि थंड झाले की तेच दाट पांढऱ्या धुरासारखे मागे राहतात.

इथे आपल्या माणसांचं नाव घ्यायलाच हवं. तिरुअनंतपुरमला घन इंधनाच्या कामाचं नेतृत्व डॉ. वसंत गोवारीकरांनी केलं. पुढे ते विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक झाले. आणि बूस्टरच्या पोलादी कवचाचे भाग इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला बनतात, सांगली-साताऱ्यापासून काही तासांच्या अंतरावर. श्रीहरिकोट्याच्या आकाशात जळत वर जाणाऱ्या त्या नळकांड्यात आपल्या भागातल्या कामगारांचे हात लागलेले असतात, हे तिथे उभं असताना आठवलं की फार बरं वाटतं.

रॉकेट गेल्यावर धुराची रेघ काही मिनिटांत वेडीवाकडी होते, आणि शेजारी उभं असलेलं कुणीतरी म्हणतंच, रॉकेट भरकटलं वाटतं. रॉकेट सरळच गेलेलं असतं. निरनिराळ्या उंचीवर वारा निरनिराळ्या दिशेने वाहतो आणि रेघ त्या-त्या थरात ओढली जाते. तसंच पहिला टप्पा संपल्यावर उजेड एकदम मालवतो, तेव्हा गर्दी हळहळते. पीएसएलव्हीचा दुसरा टप्पा द्रव इंधनावर चालतो आणि त्याची ज्वाळा फिकी असते, एवढाच त्याचा अर्थ.

टीव्हीवर याहून चांगलं दिसत नाही का?

काही गोष्टी टीव्हीवरच दिसतात: टप्पे सुटणं, उष्णतारोधक कवच उघडणं, उपग्रह वेगळा होणं. प्रत्यक्षात दोन-तीन मिनिटांनी आकाशात काही उरत नाही, आणि तिथल्या प्रेक्षक-गॅलरीतली माणसंही मग मोठ्या पडद्याकडेच वळतात. पण टीव्हीच्या स्पीकरमधून तो खर्ज निघत नाही, आणि कॅमेरा तळाजवळ असल्यामुळे उजेड आणि आवाजातलं अंतर कळत नाही. प्रकाशाचा आणि आवाजाचा वेग पुस्तकात वाचलेलं पोर ते वीस सेकंद स्वतः मोजतं, तेव्हा त्याला जे कळतं ते फळ्यावर शिकवता येत नाही. मी यावर ठाम आहे.

धोका नाही का?

धोका आहे, म्हणूनच अंतर राखलेलं आहे. घन इंधन एकदा पेटलं की विझवता येत नाही, आणि त्याच्या धुरात हायड्रोजन क्लोराइडसारखा जाचक वायू असतो. रॉकेट वाट चुकलं तर सुरक्षा अधिकारी ते आकाशातच नष्ट करतात. २५ डिसेंबर २०१० रोजी इस्रोच्या जीएसएलव्ही रॉकेटचं एक उड्डाण मिनिटभरातच ताब्याबाहेर गेलं, तेव्हा ते असंच समुद्रावर उडवून द्यावं लागलं. प्रेक्षकांची जागा हे सगळं गृहीत धरूनच ठरवलेली असते. तिथे सांगितलेल्या जागेवरून पुढे सरकण्याचा हट्ट मात्र करू नये.

एवढा पैसा कशाला, असं विचारणाऱ्यांसाठी

सांगलीकराला याचं उत्तर आयर्विन पुलाकडे बोट दाखवून देता येतं. २०१९ च्या महापुरात आपण दिवसरात्र त्या पुलाची पातळी विचारत होतो. पावसाळ्यात वरून ढगच दिसतात आणि साध्या कॅमेऱ्याला खालचं पाणी दिसत नाही. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्यावरून गेलेला निसार हा भारत आणि अमेरिकेचा उपग्रह रडारने ढगांतून आणि अंधारातही जमीन पाहतो आणि बारा दिवसांनी पुन्हा त्याच जागेवरून जातो. पाणी कुठवर पसरलं, कुठली दरड सरकते आहे, याचे नकाशे त्यातून करता येतात.

जायचं असेल तर

२०१९ पासून श्रीहरिकोट्याला सामान्य लोकांसाठी गॅलरी आहे. प्रवेश फुकट आहे, पण उड्डाणाआधी काही दिवस इस्रोच्या संकेतस्थळावर नाव नोंदवावं लागतं. जागा भराभर संपतात, त्यामुळे नोंदणी सुरू होण्यावर नजर ठेवावी. ओळखपत्र बरोबर हवंच.

आपल्याकडून सोयीची वाट तिरुपतीची. कोल्हापूरहून मिरजमार्गे तिरुपतीला जाणारी हरिप्रिया एक्स्प्रेस बालाजीला जाणाऱ्यांच्या ओळखीची आहे. तिरुपतीहून सुल्लुरपेटा साधारण शंभर किलोमीटर, आणि तिथून पुलिकत सरोवरातल्या रस्त्याने बेटावर. चेन्नईकडून आलात तर गुडूरच्या मार्गावरच्या लोकल गाड्या सुल्लुरपेट्याला थांबतात. गावात चेंगालम्मा देवीचं देऊळ आहे. उड्डाणाआधी इस्रोचे शास्त्रज्ञही तिथे दर्शनाला येतात. नोंदणी मिळाली नाही तरी निराश होऊ नका. तिरुपती श्रीहरिकोट्यापासून सरळ रेषेत ९० किलोमीटरच्या आसपास आहे. वरचाच हिशेब लावून पाहा: पूर्वेची बाजू मोकळी आणि हवा स्वच्छ असेल तर रॉकेट पाऊण किलोमीटर वर जाण्याआधीच क्षितिजावर येतं. आवाज मात्र तिथवर पोहोचायची अपेक्षा ठेवू नका.

किनाऱ्यावर ऊन आणि दमटपणा भरपूर असतो. टोपी आणि पाणी लागतंच. दुर्बीण असेल तर न्या, फक्त सूर्याच्या बाजूला वळवू नका. पहिल्या खेपेला चित्रण करण्याच्या नादाला लागू नका, डोळ्यांनी बघा. मुलांना आधीच सांगून ठेवा की उजेड दिसताक्षणी आकडे मोजायला लागायचं.

आणि परतीचं तिकीट दोन-तीन दिवस हाताशी ठेवून काढा. चांद्रयान-२ चं पहिलं उड्डाण जुलै २०१९ मध्ये मध्यरात्रीनंतर ठरलं होतं. लोक जागत बसले होते, आणि ५६ मिनिटं उरली असताना गिनती थांबवली गेली. यान आठवड्याने, २२ जुलैला गेलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये गगनयानच्या चाचणीची गिनती शेवटच्या पाच सेकंदांवर थांबली. संगणकाला काहीतरी खटकलं होतं. तपासणी झाली आणि त्याच सकाळी दहा वाजता ते उड्डाण पार पडलं. त्यामुळे गिनती थांबली म्हणून लगेच गॅलरीतून उठू नका. अधिकृत घोषणा होईपर्यंत बसून राहा.